सारसबाग मागे राहिली

लिहायला बसण्याआधी मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण माझं नाव नको, हॉस्पिटलचं नाव नको, आणि लोकांना दाखवायच्या आधी मला वाचायला दे." तिन्ही अटी मी पाळल्या आहेत. तेव्हा, त्या डिसेंबरात, मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.

२००९ साल. मंगळवार होता. भाऊ सव्वीस वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरीच्या एका कंपनीत लागलेला, आणि दोन वर्षांपासून घरी बसलेला. त्या महिन्यात तो सलग झोपलाच नव्हता. खिडक्यांच्या काचांना त्याने आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. जेवणात काहीतरी कालवलेलं आहे अशी त्याची खात्री होती, म्हणून जे सालासकट येतं तेवढंच तो खायचा. केळी, मोसंबी, भुईमुगाच्या शेंगा. आई उकडलेली अंडी न सोलता ताटात ठेवायची आणि दाराआड उभी राहून तो खातोय का ते बघायची. अंडं स्वतःच्या हाताने सोलताना त्याचा चेहरा जरा निवळायचा.

मामाने गाडी ठरवली. भावाला सांगायचं काय, यावर आदल्या रात्री स्वयंपाकघरात कुजबुजत चर्चा झाली आणि शेवटी ते काम माझ्याकडे आलं, कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता. सकाळी मी म्हटलं, "चल, सारसबागेच्या गणपतीला जाऊन येऊ." तो लगेच उठला. कित्येक दिवसांनी त्याने अंघोळ केली, आकाशी रंगाचा शर्ट स्वतः इस्त्री करून घातला, आणि गॅलरीतल्या कुंडीतलं एक जास्वंदीचं फूल तोडून ओंजळीत धरलं.

मागच्या सीटवर एका बाजूला मामा, एका बाजूला मी, मध्ये तो. टिळक रोडने गाडी निघाली. एस. पी. कॉलेज गेलं. सारसबाग आली. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं, त्याने वेग कमी केला नाही. भाऊ मान वळवून मागे बघत म्हणाला, "ताई, सारसबाग मागे राहिली."

मी म्हटलं, "आधी एका ठिकाणी जाऊन येऊ."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग तो उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

शहराबाहेरच्या त्या खासगी रुग्णालयात आमची वाट बघतच होते. डॉक्टरांनी मला विचारलं, झोप कशी आहे, खातो का, अंगावर धावून येतो का. भाऊ त्याच खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. अर्जावर नातेवाईक म्हणून मी सही केली. आतून दोघं आले आणि त्याला घेऊन गेले. थोड्या वेळाने त्याचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्या हातात आले. आकाशी शर्ट वर होता, इस्त्रीची घडी तशीच. पंधरा दिवस भेटायची परवानगी नव्हती, फोनही नाही. पंधरा दिवसांनी तो समोर आला तेव्हा डोक्याचा गोटा केलेला होता आणि अंगात राखाडी सदरा-पायजमा. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

तिथली औषधं लागू पडली, हेही इथे लिहिलं पाहिजे. त्याला ऐकू येणारे आवाज कमी झाले, झोप आली, तो सगळं खायला लागला. अडीच महिन्यांनी घरी आणला. पण सारसबागेत तो त्यानंतर गेला नाही.

तेव्हा देशात १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होता. नातेवाईकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर माणसाला नव्वद दिवसांपर्यंत दाखल करून घेता येत असे. म्हणजे आम्ही केलं ते कायद्याने गैर नव्हतं. त्याच्याही आधीचा १९१२ चा इंग्रजांचा कायदा तर नावातच 'वेडेपणा' घेऊन बसला होता, आणि तो १९९३ पर्यंत, नवा अमलात येईपर्यंत, चालू राहिला. त्या जुन्या कायद्यांचा सगळा भर अशा माणसाला आत कसं घ्यायचं आणि बाहेर केव्हा सोडायचं यावर. आत गेलेल्या माणसाला काय हवंय, हा प्रश्न त्यात जवळजवळ नव्हताच.

पुण्यात लहानाची मोठी झालेल्या कुणालाही 'येरवडा' म्हटलं की काय ऐकू येतं ते वेगळं सांगायला नको. तुरुंग तिथेच आणि मनोरुग्णालयही तिथेच. शाळेत कुणी विचित्र वागलं की "येरवड्याला पाठवा याला" असं आम्ही सर्रास म्हणायचो. मीही म्हणायची. मुंबईच्या नातेवाइकांकडे हेच वाक्य 'ठाण्याला' या शब्दाने पुरं व्हायचं. भाऊ आजारी पडला तेव्हा पहिल्यांदा ते वाक्य घशात अडकलं. आपल्या भाषेचं तसं विचित्रच आहे. विठ्ठलाचं वेड लागलं की माणूस पूज्य. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत आणि त्याच तोंडाने देवही मानत. मग माझ्या भावाच्या वाट्याला एकच अर्थ का आला, असं मला त्या दिवसांत फार वाटायचं.

ज्या घरात हा आजार येतो त्या घराला खोटं बोलायची सवय लागते. आम्हाला तर ती इतकी लागली की खरं काय सांगितलं होतं तेच आठवेना. भोसरीच्या कंपनीत आम्ही सांगितलं, टायफॉइड उलटलाय. शेजारी सांगितलं, परीक्षेची तयारी करतोय. मला बघायला मंडळी आली तेव्हा भाऊ "बाहेरगावी नोकरीला" होता. प्रत्यक्षात तो त्या दिवशी आत्याच्या घरी बंद दाराआड बसून होता आणि त्याला आम्ही नीट सांगितलंसुद्धा नव्हतं की का. माझ्या नवऱ्याला मी लग्नानंतर चार महिन्यांनी सांगितलं. तो चांगला माणूस निघाला. पण ते चार महिने मी रोज रात्री मनात ते वाक्य जुळवत असायची.

विम्याच्या फॉर्मवर आधीच्या आजारांचा रकाना होता. एजंट म्हणाला, "वहिनी, ते लिहू नका, फॉर्म परत येईल." लिहिलं नाही.

आणि २०१३ साली एका पहाटे आम्ही त्याला बेशुद्ध अवस्थेत सरकारी दवाखान्यात नेलं. त्याबद्दल त्याच्या इच्छेने एवढंच लिहिते की तो वाचला. पण त्या पहाटेचं एक आठवतं. कॅज्युअल्टीच्या दारात हवालदार वही घेऊन उभा होता. आत माझा भाऊ, नाकात नळी, आणि बाहेर माझे बाबा, आयुष्यभर सरळमार्गी नोकरी केलेला माणूस, हात जोडून सांगत होते, "साहेब, अंधारात चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या." तेव्हा भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम होतं. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैद. खरं सांगितलं असतं तर मुलगा आरोपी झाला असता. आणि खोटं सांगितल्यामुळे दवाखान्याच्या कागदावर 'चुकून' असं लागलं, दोन दिवसांनी त्याला घरी सोडलं, मानसोपचाराच्या डॉक्टरांना कुणी बोलावलंच नाही.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, हिशेब लिहिणारी बाई आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी वाचला तो एका मीटिंगमुळे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली. त्यांच्या स्वमदत गटाबद्दल कुणीतरी सांगितलं म्हणून गेले. तिथे रुग्ण म्हणत नाहीत. आजार असलेला तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर. पहिल्या दिवशी हे शब्द मला जरा जड वाटले. दुसऱ्या दिवशी घरी भावाला सांगितले तर तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "शुभार्थी. म्हणजे माझंही काहीतरी चांगलं व्हायचं राहिलंय." तेव्हापासून मी ते शब्द वापरते.

गटात त्या दिवशी नव्या कायद्यावरून वादावादी चालली होती. २९ मे २०१८ पासून तो लागू झालेला. एक काका भडकले होते. म्हणत होते, "हे दिल्लीत बसून लिहिणाऱ्यांच्या घरी असा मुलगा आहे का? आता आम्ही त्याला दाखल करायचं तर त्यालाच विचारायचं!" बऱ्याच माना हलल्या. माझीही हलली. खोटं कशाला सांगू, मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

मग कुणीतरी म्हणालं की लिहिणारे सगळे दिल्लीत नव्हते. मसुद्याच्या कामात सरकारला मदत केली ती आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने, डॉ. सौमित्र पठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला होता, त्याच्याशी देशातला कायदा जुळवून घेणं भागच होतं. आणि गंमत अशी की या कायद्यावरची एक कडक टीकाही पुण्यातूनच झाली. बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांचं म्हणणं होतं की हा कायदाही पुरेसा पुढे जात नाही, माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायची वाट त्याने उघडीच ठेवली आहे. 'बापू' हे त्यांच्या आईचं नाव. आईचे हाल त्यांनी लहानपणी पाहिलेले. आता त्या नाहीत. त्यांचं म्हणणं मला संपूर्ण पटत नाही, पण ते वाचल्यावर मी २००९ च्या त्या गाडीत पुन्हा बसून आले, आणि या वेळी मधल्या सीटवर.

घरी येऊन कायदा वाचायला घेतला. इंग्रजी प्रत, शेजारी शब्दकोश. विसावं कलम वाचताना मला उठून पाणी प्यावं लागलं. मानसिक आजाराच्या माणसाला संस्थेत स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती करता येणार नाही. बळजबरीने डोकं भादरता येणार नाही. हे शब्द कायद्यात आहेत. देशाच्या संसदेने बसून हे लिहिलं. म्हणजे आकाशी शर्टाची पिशवी हातात घेतलेल्या बहिणी माझ्याआधी पुष्कळ होऊन गेल्या असणार, आणि कुणीतरी त्यांचं ऐकून घेतलं असणार. सव्विसावं कलम म्हणतं, भेटायला येणाऱ्यांना भेटायचा, नको असेल त्याला नाही म्हणायचा आणि फोन करायचा त्याला हक्क आहे. पंच्याण्णवाव्या कलमात साखळदंडाला पूर्ण बंदी, कुठल्याही प्रकारे, कुठल्याही स्वरूपात. भूल आणि स्नायू सैल करणारी औषधं दिल्याशिवाय शॉक देता येणार नाहीत. साखळदंडांचं वाचताना एरवाडी आठवली. ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूतल्या दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला पहाटे आग लागली. माणसं खांबांना, खाटांना साखळीने बांधलेली. अठ्ठावीस जण गेले. बातमी आली तेव्हा मी कॉलेजात होते, दोन दिवस हळहळले आणि विसरले. आपल्या घरात काही नसलं की विसरणं फार सोपं असतं.

दाखल करण्याबद्दल काकांना वाटत होतं तसं काही नव्हतं, हेही वाचल्यावर कळलं. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, आणि निर्णय घ्यायला त्याला फार मोठ्या आधाराची गरज असेल, तर आजही दाखल करता येतं. मात्र एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्र तपासायचं. मुदत तीस दिवस. सात दिवसांच्या आत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीनच दिवसांत, दाद ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. आणि त्याची समजून घ्यायची क्षमता परत आली का, हे दर आठवड्याला बघत राहायचं. आपल्याला त्याचा निर्णय चुकीचा वाटला म्हणून त्याला क्षमता नाही, असं धरायला कायद्याची मनाई आहे. हे वाक्य मी भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "परत वाच."

एकशे पंधराव्या कलमाने त्या पहाटेच्या हवालदाराची वही मिटली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरून चालायचं. त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ते ३०९ कलम मुळातच राहिलेलं नाही. बाबा आता थकलेत. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आता खरं सांगितलं तरी चालतं."

विम्याचंही तेच. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यायचा, हे एकविसाव्या कलमात आहे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलं. पुढचा फॉर्म आम्ही खरा भरला. कंपनीने तीन वेळा कागद मागवले, दोनदा फॉर्म परत पाठवला, पण तो रकाना आम्ही कोरा ठेवला नाही.

सगळं आलबेल झालं, असं कुणी समजू नये. ती पुनर्विलोकन मंडळं कागदावरून जमिनीवर यायलाच वर्षं गेली, आणि मंडळच नाही तर दाद मागायची कुणाकडे? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांमागे साधारण दहा-अकरा जणांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला, आणि वेगवेगळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. आमच्या सोसायटीत चौसष्ट फ्लॅट आहेत. आम्ही एकटे नसणार, हे मला तेव्हा कळलं. पण कोणत्या दारामागे, ते अजून कळलेलं नाही.

येरवड्याच्या रुग्णालयात अडीच हजारांहून जास्त खाटा आहेत. आपल्या राज्यातल्या अशा मोठ्या रुग्णालयांत बऱ्या झालेल्या माणसांचा एक प्रश्न वर्षानुवर्षं पडून आहे. माणूस बरा होतो, डॉक्टर सोडायला तयार असतात, आणि दाखल करताना नातेवाइकांनी दिलेला पत्ताच खोटा निघतो. गटातल्या एका ताईंनी हे सांगितलं तेव्हा बाकीचे संतापले. मला संतापता आलं नाही. खोटा पत्ता लिहिणारा हात कसा थरथरतो, याची मला कल्पना आहे. सारसबाग सांगून घाटाकडे नेणं आणि हडपसर सांगून दुसरीकडेच राहणं, यात किती अंतर आहे? कायद्याचं एकोणिसावं कलम म्हणतं की घरच्यांनी टाकलं किंवा राहायला जागा नाही एवढ्यावरून कुणाला संस्थेत ठेवता येणार नाही, त्याला समाजात राहायचा हक्क आहे. त्यासाठी निवारे, अर्ध्या वाटेवरची घरं, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्यामधला मुक्काम, सरकारने उभारायची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की अशा बऱ्या झालेल्या लोकांना भिक्षेकरी गृहात पाठवणं बंद करा. भिक्षेकरी गृहात! बरं झाल्याचं हे बक्षीस. गटात दर मीटिंगला एक प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि मग खोलीत सगळे खाली बघतात. "आमच्या माघारी याचं कसं होणार?" त्याला आजही कुणापाशी उत्तर नाही, आणि कायद्यात लिहिलेली घरं जोवर खरोखर उभी राहत नाहीत तोवर आमच्यासारख्यांनी ती मागत राहायची.

आता भावाच्या एका कागदाबद्दल.

कायद्याच्या पाचव्या कलमात एक तरतूद आहे, अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह. माणूस बरा असताना आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे कधी मला निर्णय घेता येईनासा झाला, तर मला कशी वागणूक हवी, कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. आणि चौदाव्या कलमाप्रमाणे साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही.

२०२१ च्या दिवाळीनंतर भाऊ एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसला. फुलस्केपचा रेघांचा कागद, निळं पेन. दोन तास लिहीत होता. मी भांडी आवरत होते आणि मुद्दाम तिकडे बघत नव्हते. लिहून झाल्यावर त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. त्याचं अक्षर डिप्लोमाच्या ड्रॉइंगसारखं, एकेक अक्षर सुटं.

पहिलं वाक्य होतं, 'मला कुठे नेत आहात ते मला खरं सांगावे.'

पुढे होतं की केस कापू नयेत. बांधू नये, आधी बोलून बघावे, मला उत्तर द्यायला वेळ लागतो. एका इंजेक्शनचं नाव लिहून पुढे, 'याने माझी मान वाकडी होऊन जबडा धरतो, डॉक्टरांनी दुसरे बघावे.' चष्मा काढून घेऊ नये, चष्म्याशिवाय समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि मग जास्त भीती वाटते. रात्री दिवा चालू ठेवावा. संत्रं किंवा मोसंबी न सोलता द्यावं.

शेवटी प्रतिनिधीचं नाव. माझं नव्हतं. भोसरीत त्याच्याबरोबर लेथवर काम केलेल्या एका मित्राचं होतं. तो दर गुरुवारी, त्या कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, चौदा वर्षं आमच्याकडे येत आला. येतो, चहा घेतो, दोघं गॅलरीत बसतात, फारसं बोलत नाहीत, मग जातो.

मी विचारलं, "मी का नाही?"

तो म्हणाला, "तू घाबरतेस, ताई. घाबरलीस की खोटं बोलतेस."

चौदा वर्षं त्याच्या गोळ्या मी मोजल्या. रजा खर्ची घातल्या, दवाखान्यांच्या बाकांवर बसले, आईच्या शेवटच्या आजारपणात तिला शब्द दिला. ते सगळं त्या क्षणी माझ्या तोंडाशी आलं होतं. मी बेसिनकडे तोंड करून उभी राहिले. रात्री नवऱ्यापाशी रडले. दुसऱ्या दिवशी मित्र आला, त्याने चष्मा लावून कागद तीनदा वाचला आणि विचारलं, "मग मी नेमकं करायचं काय?" भाऊ म्हणाला, "मला जे म्हणायचंय ते त्यांना सांगायचं. तुझं काही सांगायचं नाही." मित्राने मान डोलावली आणि सही केली. साक्षीदार म्हणून दोन शेजारी बोलावले. त्यांना पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकू सही करून म्हणाल्या, "माझ्या बहिणीलाही होतं हो," आणि बराच वेळ बसून राहिल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्याचं परत बिनसलं. काचांवर वर्तमानपत्रं दिसली तेव्हाच मी मित्राला फोन केला. तो आला आणि भावाला म्हणाला, "तुझं बिघडलंय असं दिसतंय. मी तुला दवाखान्यात न्यायला आलोय." एवढं सरळ. भाऊ म्हणाला, नाही. जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मित्र त्याच्या शेजारी बसला. दुपारी साडेबारापासून संध्याकाळी पावणेपाचपर्यंत ते दोघं तिथे बसले होते. मी वरच्या कठड्याशी उभी. माझ्या मनात शंभर युक्त्या येत होत्या, सगळ्या जुन्या, सगळ्या खोट्या. मी तोंड बंद ठेवलं. एकदा मोसंबी नेऊन दिली. पावणेपाचला भाऊ उठला, आत जाऊन चप्पल घातली, तो कागद फाइलमधून काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चला."

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी कागद उलगडून वाचला. म्हणाले, "हे मी प्रत्यक्षात पहिल्यांदाच बघतोय." मग त्यांनी खुर्ची वळवून भावाकडे तोंड केलं आणि विचारलं, "झोप कशी आहे?" मला नाही, त्याला. तो बराच वेळ काही बोलला नाही. डॉक्टर थांबले. मित्रही थांबला. मग भाऊ म्हणाला, "नाही आहे." स्वतःच्या सहीने तो दाखल झाला. त्याचे कपडे त्याच्या अंगावर होते, चष्मा डोळ्यांवर.

दर वेळी असं होईल याची मला खात्री नाही. तातडीच्या उपचारात, पहिल्या बहात्तर तासांत, त्या कागदाचा आधार घेता येत नाही. कधी त्याला चार तास बसून राहायची उसंत नसेल, मित्र गावाला गेलेला असेल, समोर दुसरे डॉक्टर असतील. हे भावालाही माहीत आहे. त्याने कागदाच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात. एक माझ्या पर्समध्ये असते.

हा लेख त्याने परवा रात्री वाचला. लाल पेन घेऊन बसला होता. २०१३ च्या पहाटेबद्दलच्या दोन ओळी त्याने काढल्या. मित्राचं गाव काढलं. आणि सुरुवातीला, जिथे त्याच्या ओंजळीत जास्वंदीचं फूल आहे, तिथे मी दुर्वांची जुडी लिहिली होती. इतकी वर्षं मला दुर्वाच आठवत होत्या, हिरव्या, दोऱ्याने बांधलेल्या, मी शपथेवर सांगितलं असतं. त्याने त्या शब्दावर रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'जास्वंद. कुंडीतलं. उमललेलं एकच होतं.'

मी तसं दुरुस्त केलं आहे.